पाच जोडप्यांतून चार माणसं

आमच्या गावाजवळची जिनिंग बंद पडली आणि बाबा घरी बसले. ते तिथे रेच्यावर होते, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात कापूस लोटायचं काम. संध्याकाळी घरी आले की भुवयांवर, कानांत, मिशीत रुईचे धागे असायचे आणि आई त्यांना दारातच झटकायची. जिन बंद झालं तसं झटकायचंही काही राहिलं नाही. कापसाला भाव नव्हता. ज्यांची शेतं होती तेही वेचणीला बाया बोलावताना दहादा विचार करत. आईला मधून मधून काम मिळे, बाबांना तेवढंही नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचं, वंदनाचं, दिग्रसकडे जमलं होतं. मुलगा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. त्यांच्याकडच्यांनी हुंडा मागितला नाही, एवढंच म्हणाले की लग्न तेवढं नीट करून द्या. ते 'तेवढं'च होत नव्हतं. तिथी ठरायची आणि पुढे जायची. मग तुळशीचं लग्न झाल्यावर बोरीला एका पुढाऱ्याने सर्वधर्मीय सामूहिक विवाह ठेवला, तेव्हा बाबा कोणाला न सांगता जाऊन वंदनाचं नाव देऊन आले. आमच्या घरात त्या विवाहाचं नाव कोणी घेत नसे. 'तिकडचं लग्न' म्हणायचे. आईने मावशीला सांगितलं की लग्नाला जिल्ह्याचे मोठे मोठे लोक येणार आहेत. ते खोटं नव्हतं. पण सांगताना आई चुलीकडे पाहत होती.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते आणि आम्हाला गणित शिकवायला आडे सर होते. सरांची आठवण मला या लग्नापासून सोडवून सांगता येत नाही, म्हणून आधी घरचं सांगितलं.

सर तांड्यावरचे. उंच, काटक, अमरावतीहून एम.एस्सी. करून आलेले. आमचं ज्युनियर कॉलेज विनाअनुदानित होतं. अनुदान आलं की पगार सुरू होईल असं सरांना नेमताना सांगितलं होतं, आणि ते नेमले गेल्यापासून अनुदान येतच होतं. कोणी विचारलं की सर म्हणायचे, "प्रस्ताव मंत्रालयात हाय." पोरांनी त्याची म्हणच करून टाकली. घरचा अभ्यास झाला नाही की मागच्या बाकावरून आवाज यायचा, सर, प्रस्ताव मंत्रालयात हाय. सरही हसायचे. पण कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचे नाहीत. बाकीचे मास्तर आग्रह करत, तेव्हा पोटावर हात ठेवून "मले ॲसिडिटी हाय" सांगत. एकदा घेतला की पुढच्या खेपेला आपण पाजावा लागतो, हे आम्हाला तेव्हा कुठे सुचायला.

भर उन्हातही त्यांच्या बाह्यांची बटणं मनगटावर लावलेली असत. हात खडूने माखलेले, इतके की कातडी दिसू नये. इक्बाल नावाचा एक मुलगा आमच्या वर्गात होता, मेकॅनिकचा पोरगा, त्याची नजर बारीक. त्याने एकदा मला सांगितलं की सर वर्गात यायच्या आधीच, व्हरांड्यात उभे राहून, खडू हातांवर चोळतात. का चोळतात ते कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोरीला सांगावं लागत नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटं ओरबाडून काढतात. सर सकाळी बापाच्या शेतात वेचणी करून कॉलेजात येत होते. मी इक्बालला म्हटलं, गप बस.

शिकवायचे मात्र असे की तास संपल्याचा राग यावा. पुस्तक इंग्रजीत, सर वऱ्हाडीत. संभाव्यतेचा धडा सुरू झाला तेव्हा पुस्तकात पहिल्यापासून पत्तेच पत्ते. बावन्न पत्त्यांतून दोन काढले, दोन्ही राजे असण्याची संभाव्यता किती. सरांनी विचारलं, पत्त्यांच्या कॅटमध्ये राजे किती असतात? आम्हा मुलींना खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे पोरीने पत्त्याला हात लावला तर घरात बोलणी बसत. मुलांना सगळं माहीत होतं, पण सगळे एकसारखे साधुसंत होऊन बसले. शेवटी इक्बाल उभा राहिला आणि म्हणाला, राजे चार, बेगम चार, गुलाम चार, अन् आमच्या गॅरेजवरच्या कॅटमध्ये चौकटची सत्ती नाही. सर म्हणाले, "याच्या बापाले कोणी सांगू नका." आणि डस्टर घेऊन अख्खा फळा पुसला. पत्ते गेले. पत्त्यांच्या जागी सरांनी माणसं आणि जनावरं आणली.

आधी बैल आले. चार बैलजोड्या गोठ्यात, अंधारात हात घालून दोन बैल सोडले, ते एकाच जोडीचे असण्याची संभाव्यता काय? सरांचं शिकवणं माणसाला एकेक करून बोलावण्याचं होतं. "पहिला कोणीही येऊ दे, त्याच्याशी आपलं भांडण नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पहिला कोणीही आला. राहिले सात. त्या सातांत त्याचा जोडीदार एकच. झालं उत्तर, एक छेद सात. तेवढ्यात मागून गावंडे नावाचा शेतकऱ्याचा मुलगा उठला आणि म्हणाला, सर, हे जमत नाही. आमचा उजव्या बाजूचा बैल डावीकडे जुंपला तर जू टाकून बसते. नुसती जोडी सापडून काय उपयोग, कोण कुठं हाय ते पाहावं लागते ना.

दुसरा मास्तर असता तर त्याला बसवला असता. आडे सर खडू धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "गावंडे, तू मले आज पुढच्या हप्त्याचा धडा शिकवून राह्यला." आणि त्या एका तासात निवड आणि क्रम यांतला फरक आम्हाला असा कळला की पुन्हा कधी चुकलो नाही. नुसते दोन बैल सोडायचे असतील तर कोण आधी आला त्याला महत्त्व नाही. जुंपायचे असतील तर आहे. पुढे कॉलेजात मोठमोठे प्राध्यापक भेटले. तो फरक त्यांना बैलाशिवाय सांगता आला नाही, आणि मला तो बैलाशिवाय आठवत नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. सर तसे कोणाला टाकून बोलायचे नाहीत. पण एका दिवशी बोलले.

त्या दिवशी उशिराच आले, घामाघूम. आल्या आल्या फळ्यावर दोन-दोन ठिपके काढले, अशा पाच जोड्या. म्हणाले, समजा सामूहिक लग्न हाय. पाच जोडपी, म्हणजे दहा माणसं. पुढाऱ्याले फोटो काढायचा हाय, त्यानं कोणतीही चार माणसं उचलून स्टेजवर बोलावली. त्या चारांत एकही जोडपं नसण्याची संभाव्यता काढा. मग खडू थांबवून, आमच्याकडे न पाहता म्हणाले, "तिथं तं नवरदेवालेच माहीत नसते आपली कोणती. फेटे सारखे, साड्या सारख्या, फुकटात आलेलं सगळंच सारखं."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. मीही हसले. हसले नसते तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. सरांनी नेमकं मलाच उठवलं, काय हो इंगोले, सांगा. मला जमलं नाही. पाच जोडपी म्हटलं की मला वंदनाचा बस्ता दिसत होता, ज्यात तिने स्वतः निवडलेलं काही नव्हतं. मी उभीच राहिले. सर म्हणाले, उद्या करू, बसा. पण तो उद्या आला नाही. दुसऱ्या दिवशीपासून सर रजेवर गेले, अमरावतीला प्रशिक्षण आहे म्हणून.

लग्न बोरीच्या शाळेच्या मैदानावर होतं. मांडव एवढा की या टोकाची बाई त्या टोकाला ओळखू येऊ नये. एका बाजूला भटजी, एका बाजूला काजी, पलीकडे बौद्ध जोडप्यांसाठी वेगळी जागा, आणि सगळ्यांच्या छातीवर नंबरचा बिल्ला. नवरदेवांची वरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. आमचे जावई ट्रॉलीत उभे होते, पण लक्ष सगळं ड्रायव्हरकडे. तो गिअर टाकताना चुकला की यांचा चेहरा वाकडा होई. माझी आत्या म्हणाली, हा आता मुंडावळ्या सोडून स्टेअरिंगवर बसते पाहा.

मी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन ट्रॉलीजवळ गेले. जावयांच्या शेजारी पुढच्या नंबरचा नवरदेव उभा होता. उंच, काटक. गुलाबी फेटा, सगळ्यांसारखाच. बाह्यांची बटणं मनगटावर लावलेली.

सरांनी मला पाहिलं. मी तांब्या जावयांच्या हातात दिला आणि खाली पाहिलं. सरांनी मुंडावळ्या नीट केल्यासारखं करून दोन्ही सरी तोंडावर घेतल्या. एवढंच झालं. कोणाला काही कळलंही नसतं. पण तेवढ्यात माइकवरचा माणूस सुरू झाला. आज आपल्या या मांडवात, तो म्हणाला, आपल्या कॉलेजचे गणिताचे प्राध्यापकसुद्धा बोहल्यावर चढत आहेत, आदर्श घ्या, टाळ्या झाल्या पाहिजेत. त्याने सरांचं पूर्ण नाव घेतलं, तांड्याचं नाव घेतलं, डिग्री सांगितली. वर पुन्हा एकदा टाळ्या मागितल्या. टाळ्यांच्या आवाजात मी सरांकडे एकदाच पाहिलं. फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिल्यावर एखाद्या पोराचे कान लाल होतात तसे त्यांचे कान झाले होते.

आई माझ्या कानाला लागली. "अवं, हे तं तुझे सर नाही का?" मी मान हलवली. आईने ते बाबांना सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून बाबा मांडवाच्या खांबाला टेकून, कोणाशी न बोलता उभे होते. सर दिसल्यावर ते सरळ झाले. आत्याला म्हणाले की प्रोफेसर माणूस इथं उभा हाय तं आपण कोण. मग पंगतीत वाढायलाही गेले. सरांची लाज आमच्या घराला अशी कामी आली. मला बाबांचं बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचीच शरम वाटली. आजही ते दृश्य आठवलं की कुठे पाहावं कळत नाही.

रजा संपली, सर आले नाहीत. आठवडा गेला, सर आले नाहीत. वर्गात सगळ्यांना कळलं होतंच, बोरीचा मांडव काही लपणारा नव्हता. पहिले दोन दिवस मुलांनी फेट्यांवरून विनोद केले. मग बोर्डाची परीक्षा जवळ दिसू लागली आणि विनोद थांबले. अर्धं पुस्तक बाकी होतं. मुख्याध्यापकांनी सरळ सांगितलं की बिनपगारी दुसरा गणिताचा माणूस मिळणार नाही, तुमचं तुम्ही पाहा. पाहणार काय? आमच्यात शिकवणी लावण्याची ऐपत असलेला एकही नव्हता. मी सायन्स घेतलं तेव्हा नातेवाइकांनी बाबांना वेड्यात काढलं होतं. गणितात नापास झाले असते तर पुढचं वर्ष मिळणार नव्हतं. आईबरोबर वेचणीला जायचं, एवढंच उरलं होतं. हे मी घरात बोलले नाही, पण आई पाहत होती.

वंदना मांडवपरतणीला येणार होती, जावयांसह. आईने बाबांना तांड्यावर पाठवलं. एका मांडवातली जोडपी म्हणजे आपली सोयरीक, असं तिने आपल्या मनानेच ठरवलं होतं. पोरगी-जावई जेवायला येतात तर सरांनीही बायकोला घेऊन यावं. सर नाही म्हणाले असणार. पण बाबा तिथे बसूनच राहिले आणि सोबत घेऊनच आले.

पुरण घातलं होतं. सर आणि जावई शेजारी शेजारी बसले, ट्रॉलीत होते तसेच. सर खाली पाहून जेवत होते. जावई त्यांना सांगत होते की त्या दिवशीच्या ड्रायव्हरने क्लच जाळला. सरांची बायको, कविताताई, दहावी शिकलेली, बोलायला सडेतोड. वाढता वाढता आईला म्हणाल्या, "हे घरी बसून राह्यले मावशी. पोट्ट्यायले तोंड कसं दाखवू म्हणतात. मी म्हटलं, मी का एवढी वाईट हाय का?" वंदनाला हसू आलं. सरांना नाही आलं.

त्यांनी हात ताटात तसाच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"इंगोले, त्या दिवशी वर्गात तू हसली. तुले तेव्हा माहीत होतं, बहिणीचं नाव दिलेलं?"

मी हो म्हटलं.

"मी त्याच सकाळी माझं नाव देऊन आलतो," सर म्हणाले. "तिथूनच वर्गात आलो. कोणाले संशय येऊ नये म्हणून आधी आपणच हसून घ्यावं वाटलं. तुमच्या घरचं मले ठाऊक नव्हतं. पण कोणाच्या ना कोणाच्या घरचं असंल, हे तं ठाऊक होतं."

बाबा पाण्याचा पेला फिरवत राहिले. जावयांना काय चाललंय ते कळेना. आई वाढत होती, ती थांबली.

"लाज आम्हालेबी आलती सर," आई म्हणाली. "पण तो मांडव केव्हाच उतरला. कापडं ज्याची त्याच्या घरी गेली. तुम्ही एकटेच अजून तिथं उभे हाय."

आणि त्यांच्या ताटात पोळी वाढली, नको म्हणत असताना.

सोमवारी सर आले. इक्बालने व्हरांड्यातूनच खूण केली. सर वर्गात शिरले आणि कोणाकडे न पाहता फळ्यावर पुन्हा त्या पाच जोड्या काढल्या. पण या वेळी ठिपके नव्हते. पहिल्या जोडीखाली लिहिलं, आडे आणि कविता. दुसरीखाली माझ्या बहिणीचं नाव लिहायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग लिहिलं. बाकी तीन जोडपी त्यांनी मांडवात पाहिलेलीच लिहिली.

मग इक्बाल उठला. "सर, जेवणात काय होतं?"

सर खडू ठेवून वळले. "बुंदी," म्हणाले. "अन् नवरदेवाले शेवटच्या पंगतीत."

वर्ग हसला, सरही हसले. तसं ते हसणं मागच्या वेळेसारखं नव्हतं. मग त्यांनी ते गणित शांतपणे सोडवलं. चार माणसं एकेक करून बोलावली. पहिला कोणीही. दुसऱ्यासाठी राहिले नऊ, त्यांतला एक चालत नाही, पहिल्याचा जोडीदार, म्हणून नवांपैकी आठ. तिसऱ्यासाठी राहिले आठ, दोघांचे जोडीदार चालत नाहीत, म्हणून आठांपैकी सहा. चौथ्यासाठी सातांपैकी चार. गुणाकार करा. आठ छेद एकवीस. गावंडेने लगेच विचारलं, क्रमाने बोलावले मग क्रम मोजला गेला ना? सर म्हणाले, वर मोजला तसा खालीही मोजला, म्हणून कटून गेला. दुसऱ्या रीतीने करून पाहा, पाचांतून चार जोडपी निवडा, प्रत्येकातला एक घ्या, दोनशे दहांपैकी ऐंशी येतात, तेच उत्तर.

"निम्म्याहून कमी," सर उत्तराखाली रेघ मारत म्हणाले. "म्हणजे चार जण उचलले की निदान एक जोडपं सापडायचीच शक्यता जास्त. कितीही विस्कटा." मग घड्याळाकडे पाहून पुढचा धडा काढायला सांगितला. परीक्षेपर्यंत ते एक दिवस चुकले नाहीत. रविवारीही घ्यायचे. अनुदान आलं नाही ते नाहीच, आणि परीक्षा झाल्यावर पुढच्या वर्षी सरांनी कॉलेज सोडलं असं ऐकलं. मी तेव्हा यवतमाळला शिकायला गेलेली होते.

शेवटचे भेटले ते कापूस खरेदी केंद्रासमोर. बी.एस्सी.चा निकाल घेऊन मी गावी चालले होते, बस बैलबंड्यांच्या रांगेमुळे अडली होती. रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि एका बंडीवर, कापसाच्या गंजीला टेकून, सर बसले होते. दाढी वाढलेली, बाह्या कोपरापर्यंत. मी उतरले. पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय वर घेतले. म्हणाले, इथं नको, लोक पाहून राह्यले. त्यांना मी दिसायला नको होते, हे मला लगेच कळलं. मलाही उतरायला नको होतं असं वाटलं, पण आता उतरले होते.

मी निकाल दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, सगळे विषय पाहिले, गणितावर थांबले. मग शेजारच्या बंडीवरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "हे माझी पोट्टी हाय. माझ्या वर्गातली." म्हातारा म्हणाला, अस्सं. पुढची बंडी हलली. सरांनी कागद माझ्या हातात दिला, बैलांना आवाज दिला आणि रांगेत पुढे गेले. मागे पाहिलं नाही.

त्या वर्षी आमच्या वर्गातून बारावीला बसलेली सगळी मुलं गणितात पास झाली होती. मी पदवीधर झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.